गार्ड काढलेली मशीन

आबा, आज उल्हासनगरला जाऊन नवी मशीन आणली. झाडं कापायची, पेट्रोलवरची, रोजच्या धंद्याला टिकेल अशी. तुम्ही आणायचात तशी नाही आणली. तुम्ही दुकानदाराच्या गादीवर बसून चहा प्यायचात आणि "द्या हो, तुमच्यावर विश्वास आहे" म्हणून मशीन खांद्यावर टाकून निघायचात. मी दोन तास उभी होते. चार मशीन चालू करायला लावल्या, तीन नाकारल्या, आणि शेवटी दुकानदाराशी कडाकडा भांडून आले. त्या बिचाऱ्याला वाटलं, भांडण मशीनवरून झालं. ते तुमच्यावरून होतं. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि अजून मी तुमचा राग भेटेल त्याच्यावर काढते. हे बरं नाही, म्हणून म्हटलं आता ज्याचा त्यालाच द्यावा.

तुमचा धंदा मी चालवते, हे तुम्हाला कुठून माहीत असणार. "पोरीच्या जातीनं मशीन धरायची नाही" म्हणणारे तुम्ही. आता बदलापूरपासून अंबरनाथपर्यंत कुणाच्या घरावर झाड कललं, कुणाच्या तारेत फांद्या शिरल्या, की फोन मला येतो. जांभूळ गावाच्या पुढे एका मालकाची दीडशे निलगिरी पाडायची आहे, परवानगी हातात आहे, काम पुढच्या सोमवारी सुरू. माझ्याकडे चार माणसं. त्यातला मशीनवरचा एक महिन्यापूर्वी गावी गेला तो काही परत येत नाही. आणि दोर धरायला तुमचा मुलगा. हो, अजून दोरच. अडतीस वर्षांचा झाला. झाड कुठे पोकळ आहे, कुठल्या अंगाला पडेल, हे त्याला नुसतं खोडाभोवती एक फेरी मारून कळतं. माझी बाकीची माणसं त्याला विचारून काप घेतात. पण मशीन हातात घे म्हटलं की तो मागे सरकतो. "नको ताई, माझ्यावर भरवसा नको. मी निष्काळजी आहे." निष्काळजी हा शब्द तुमचा. त्याने तो इतकी वर्षं जपून ठेवलाय. ही नवी मशीन मी त्याच्यासाठी घेतली, आबा. निलगिरीच्या कामावर तो मशीन चालवणार आणि दोर दुसरं कुणीतरी धरणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तुमची ती अठरा वर्षांपूर्वीची मशीन पण ह्याच बाजारातली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही ती आणलीत. रंग नावाजलेल्या कंपनीचा, आत इंजिन कुणाचं ते देवाला ठाऊक. निम्म्या भावात मिळाली म्हणून तुम्ही दिवसभर मिशीवर हात फिरवत होतात. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड, कोयता, हातकरवत आणि मध्ये ती नवी मशीन, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ. आई म्हणाली, "ह्या बयेला पेट्रोलचा वास येतो, देवाजवळ नको." तुम्ही हसलात. त्या दिवशी तुम्ही मला एक गोल कानस दिलीत, लाकडी मुठीची, नवीकोरी. चेनच्या दातांना धार लावायला. धार लावायचं काम बसून करायचं, घरातलं, म्हणून ते पोरीला चालतं. मी बावीस वर्षांची होते, बारावी होऊन घरात बसलेली, आणि मला ती कानस म्हणजे सोनं वाटलं. खोटं कशाला बोलू. आईच्या स्वयंपाकघरात, खिडकीखाली, एका बाजूला भाकऱ्या आणि दुसऱ्या बाजूला मी रॉकेलच्या वाटीत चेन बुडवून एकेक दात घासतेय. तुम्ही येता, अंगठ्याने दात चाचपता, आणि काही न बोलता जाता. काही न बोलणं म्हणजे चांगलं, हे आम्ही शिकून घेतलं होतं. आज मला मशीनची जी पारख आहे ती त्या खिडकीखालची आहे, हे मी मान्य करते. रागात असले तरी.

पण पारख तुम्हाला नव्हती. हे मी आज सांगते, कारण जिवंत असताना तुम्हाला कोण सांगणार. झाडाची होती, माणसाची होती, मशीनची नव्हती. तुम्ही तीस वर्षं कुऱ्हाडीवर काढलीत. कुऱ्हाड जिकडे मारावी तिकडेच जाते. मशीन परत येते. चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीचं पुढचं टोक कुठल्या दडलेल्या फांदीला नुसतं टेकलं तरी सगळी मशीन उसळून तोंडावर येते, डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्यासाठीच पुढच्या मुठीच्या पलीकडे, पट्टीच्या बाजूला तो उभा गार्ड असतो. मशीन उसळली की मनगट त्याच्यावर आपटतं, तो पुढे ढकलला जातो आणि चेन जागच्या जागी थांबते. एवढंच त्याचं काम. तुम्हाला कुणी सांगितलं नाही आणि तुम्ही कुणाला विचारलं नाही. तुम्हाला वाटलं, बारक्या फांद्या हाताला ओरबाडू नयेत म्हणून लावलाय. फांद्यांच्या गचपणात शिरलात की त्याला काहीतरी लागायचं, खट्ट व्हायचं, चेन थांबायची. पुन्हा मागे ओढा, पुन्हा चालू करा. दिवसातून पन्नास वेळा. बरोबरचे लोक म्हणाले, काढून टाका, सगळेच काढतात. तुम्ही अंगणात बसून कव्हर उघडलंत आणि गार्ड काढलात. मी म्हटलं, "आबा, कंपनीने उगाच लावला असेल का?" तर तुम्ही म्हणालात, "कुऱ्हाडीला असतो काय गार्ड? हे शहरातल्या लोकांचे चोचले." मी पुन्हा चेन घासायला बसले. मला तरी कुठे माहीत होतं.

त्यानंतर तीन महिन्यांनी अंबरनाथला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात ते शिरीषाचं झाड आडवं झालं होतं. मी दुपारी धार लावलेली दुसरी चेन घेऊन आले होते. तुमची कंबर धरली होती, म्हणून तुम्ही तुमच्या मुलाला म्हणालात, "घे, दोन फांद्या तू मार." वीस वर्षांचा होता. तोवर मशीन त्याने फार तर चार वेळा धरली होती, तीही गार्ड काढायच्या आधी, तुमच्या देखत, उभ्या खोडावर; एरवी तो लांब, दोरावर. त्याचा चेहरा काय फुलला होता. चेन मी बदलून दिली, माझ्या हाताने. तो फांद्यांत शिरतो, मशीनचा आवाज चढतो, मग एकदम वेगळाच आवाज येतो, आणि तो खाली बसलेला दिसतो. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडा. खांद्यापासून जबड्यापर्यंत एक रेघ. मशीन शेजारी पडून चालूच आहे. ती बंद करायला तुम्ही नाही धावलात, आबा. तुम्ही तिथेच उभे होतात. मी बंद केली.

इथपर्यंत मी तुम्हाला माफ केलं असतं. चूक माणसाकडून होते. इथून पुढे मात्र नाही. त्याला दवाखान्यात आत घेतलं, आई बाहेर बाकावर बसली, आणि तुम्ही मला म्हणालात, "चल, घरी जाऊन कपडे घेऊन येऊ." घरी आलो. तुम्ही कपडे नाही काढलेत. तुम्ही मशीन पाण्याने धुतलीत, रॉकेलने पुसलीत, फळीवरच्या डब्यातून तो गार्ड काढलात, कारण तो कशाला असतो हे आता तुम्हालाही कळलं होतं, आणि म्हणालात, "दहाचा पाना दे." मी दिला. तुम्ही गार्ड बसवलात, दोनदा मागेपुढे करून बघितलात, आणि मशीन ओट्यावर ठेवलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. संध्याकाळपर्यंत अर्धी आळी येऊन गेली. तुम्ही प्रत्येकाला दाखवत होतात, "बघा, सगळं जागच्या जागी आहे. पोरगंच निष्काळजी, काय करणार." तुमच्या बरोबरच्यांनीही ते खपवून घेतलं; काढून टाका म्हणणारे तेच होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी माझ्या बापाच्या तोंडून ऐकल्या.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. तुम्ही उशाशी बसलात आणि पहिलं काय विचारलंत? दुखतंय का, असं नाही. "गार्ड होता, ब्रेक होता, तू धरलीस तरी कशी?" तो म्हणाला, "आठवत नाही आबा." तुम्ही म्हणालात, "आठवत नाही म्हणजे लक्ष नव्हतं." त्याने मान डोलावली. मी पायथ्याशी उभी होते, त्याचं पांघरूण सारखं करत. त्याच्या डोक्यात तो दिवस अर्धामुर्धाच राहिला होता, आणि उरलेला तुम्ही तुमच्या सोयीने भरून दिलात.

महिन्याने डॉक्टरांनी सांगितलं की मधली तीन बोटं आता वळणार नाहीत. त्या दिवशी तुम्ही जेवत होतात. मी वाढता वाढता म्हटलं, "आबा, त्याला खरं सांगा." तुम्ही घास चावत राहिलात. मग म्हणालात, "सांगून त्याची बोटं सरळ होणार आहेत काय? आणि उद्या मला झाडावर कोण बोलावणार? ज्यानं स्वतःच्या पोराला कापलं, त्याला?" मी म्हटलं, मग मी सांगते. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंत. "पाना कुणी दिला? तूच ना? मग गप बस." आणि ताक मागितलंत.

तुमची ती एक ओळ मी अठरा वर्षं पोटात घेऊन फिरते. तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय केलंत. मला एका वाक्यात तुम्ही तुमच्या बाजूला ओढलंत. त्याची दोन स्थळं बोटांवरून मोडली, तिसऱ्यासाठी तो तयारच झाला नाही. कुणी त्याच्या हातात काही नाजूक द्यायला गेलं की तो स्वतःच म्हणतो, नको, माझ्याकडून पडेल. लहान बाळसुद्धा घेत नाही. माझी मुलगी झाली तेव्हा दोन महिने तिच्याजवळ बसला, पण उचलली नाही. आणि तुम्ही गेलात चार वर्षांनी, झोपेत, शांत. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस. तुमच्या पायाशी बसून सगळ्यात जास्त तोच रडला. त्याला वाटत होतं की त्याच्या हातामुळे तुम्ही खचलात. मला तेव्हा सगळ्यांच्या देखत ओरडावंसं वाटलं होतं. करून सवरून नामानिराळे राहिलात, तेही कायमचे.

आता आजचं ऐका. दुकानात गेले तर सिंधी दुकानदार काका म्हणतात, "बेटी, भाई को भेज दो, ये मशीन लेडीज का काम नहीं." मी म्हटलं, साईं, पैसे माझे, धंदा माझा, मशीन दाखवा. त्यांनी आधी चकचकीत एक पुढे केली, "सेम टू सेम, आधे दाम में." मी इंजिनला हात लावला, कोमट होतं. आधीच चालू करून ठेवलेली. ज्या मशीनला गिऱ्हाईक यायच्या आधी गरम करावं लागतं ती पहाटे गार हवेत रानात काय चालणार? ती बाजूला. दुसरीच्या अंगावरचा नंबर बिलावर घालायला ते तयार नव्हते, तीही बाजूला. तिसरी चांगली होती, पण तिची चेन न् क्लच मागवले की पंधरा दिवसांनी येणार. मालक पंधरा दिवस थांबेल, झाड थांबणार नाही. चौथी जड होती, पण तोल बरोबर, मुठींना स्प्रिंगा, दिवसभर धरली तरी हाताला मुंग्या न येणारी. थंड इंजिन तिसऱ्या ओढीला चालू झालं. मी पुठ्ठा मागितला, चेन पूर्ण वेगात फिरवून पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर धरलं, तेलाची बारीक रेघ उमटली. म्हणजे चेनला तेल मिळतंय. मग मनगटाने गार्ड पुढे ढकलला. चेन खाडकन थांबली. दहा वेळा केलं, दहाही वेळा थांबली. मी म्हटलं, हीच द्या. काका खूश. बिल करता करता अगदी मायेने म्हणाले, "ये सामने वाला गार्ड सब लोग निकलवाते हैं, टहनी में अटकता है. मैं अभी निकलवा दूँ क्या? फ्री में."

माझं डोकंच फिरलं. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुमच्या घरात तरणा मुलगा आहे का, असं काहीतरी विचारलं. त्यांच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाहेर जाऊन उभी राहिली. काका शांतपणे म्हणाले, "नाराज मत हो बेटी. जो ग्राहक बोलता है, वही बोला." म्हणजे अठरा वर्षांनी अजून तेच चाललंय. अजून कुणीतरी बाप अंगणात बसून कव्हर उघडतोय आणि म्हणतोय, चोचले.

घरी आले तर तो परसात दोर धूत होता. मी मशीन पुढ्यात ठेवली. म्हटलं, ही तुझी. तो हसला, म्हणाला, चेष्टा करतेस. मी तेल-पेट्रोल भरून दिलं आणि हट्टच धरला. त्याने उजव्या हाताने दोरी ओढली. डाव्या हाताने पुढची मूठ धरली, अंगठा आणि करंगळीने, मधली तीन बोटं ताठ बाहेर. तरी मशीन जराही हलली नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाही दिसलं असतं, असा हात धंद्यात शंभरात एखादा असतो. मी सांगितलं, आता मनगटाने तो गार्ड ढकल. त्याने ढकलला. चेन थांबली. तो बघत राहिला. पुन्हा चालू केली, पुन्हा ढकलला. पाच वेळा, सहा वेळा. लहान मुलासारखा खेळत होता, आणि मला वाटलं, जमलं, सोमवारी हा कामावर मशीन घेऊन उभा राहणार.

मग त्याने मशीन बंद केली. म्हणाला, "ताई, आपल्या त्या मशीनलाही हा होता ना? आबा म्हणायचे. मग तेव्हा चेन थांबली का नाही?"

अठरा वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारलं. परसात आम्ही दोघंच होतो. तुम्ही नाही, आई नाही, आळीतलं कुणी नाही. मला अडवणारं कुणीच नव्हतं. आणि मी म्हटलं, "होता रे. तुझं मनगट लागलं नसेल त्याला."

त्याने गार्ड मागे ओढून जागेवर आणला. "म्हणजे मीच," म्हणाला. मशीन उचलून अलगद माझ्या पायाशी ठेवली. "छान आहे ताई. पण दुसऱ्या कुणाला दे. मी दोरावर बरा."

चार पानं भरून तुम्हाला बोलले, आबा, आणि त्यातलं एक अक्षरही मागे घेणार नाही. पण त्या दिवशी तुम्हाला धंदा जाण्याची भीती होती. मला आज कसली होती, ते सांगता येत नाही. हे तुम्हाला पोचणार नाही, आणि ज्याला वाचायला द्यायला हवं तो इथून दहा पावलांवर परसात दोर वाळत घालतोय. मघापासून दोनदा उठून दारापर्यंत गेले. हाक मारलेली नाही.